पहिल्या भेटीचा कागद : फिजिओथेरपीच्या तपासणी-फॉर्मचा छोटा इतिहास

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठल्याही स्टेशनातून बाहेर पडून दहा मिनिटं चाललात तर फिजिओथेरपीची एखादी तरी पाटी दिसतेच. तळमजल्यावरचा गाळा, आत दोन-तीन खाटा, मध्ये पडदे, भिंतीला टांगलेले रबरी पट्टे, आणि टेबलावर कागदांचा एक गठ्ठा. पहिल्यांदा येणाऱ्या पेशंटसाठी त्यातला एक कागद काढला जातो. नाव, वय, काम काय करता, कुठे दुखतं, कधीपासून, शून्य ते दहामध्ये किती दुखतं, सांधा किती अंश वाकतो, स्नायूची ताकद पाचपैकी किती. आपण हा कागद रेल्वेच्या रिझर्वेशनच्या फॉर्मसारखा घाईघाईने उरकतो आणि विसरून जातो.

आजचा लेख या कागदावर आहे. कारणं दोन. एक, तुमची किंवा घरातल्या कुणाची फिजिओथेरपीची पहिली भेट ठरली असेल, तर तिथे काय विचारतात आणि का विचारतात हे आधी माहीत असलेलं बरं. दोन, तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर इतका साधा फॉर्मही इतिहासाचं साधन कसा होतो, हे एका उदाहरणातून बघता येईल.

माझं म्हणणं थोडक्यात असं : या कागदावरचा प्रत्येक रकाना कुणीतरी, कधीतरी, विशिष्ट रुग्णांसाठी आखलेला आहे. ते रुग्ण म्हणजे आपण नव्हे. त्यामुळे पहिल्या भेटीची खरी तयारी म्हणजे कागद जे विचारत नाही, ते सांगण्याची तयारी.

कागदाच्या आधी

हाड सरकलं तर हाडवैद्य, अंग आखडलं तर मालिशवाला, लचक भरली तर तालमीतला वस्ताद. आपल्याकडे ही माणसं होती, काही ठिकाणी अजूनही आहेत. त्यांचीही ‘पहिली भेट’ असायचीच. चार प्रश्न, मग हाताने चाचपून बघणं, मग तेल, पट्टी, शेक. लिहिलेलं मात्र फारसं काही नाही. त्यांचं ज्ञान हातात होतं आणि हातातूनच पुढे जायचं. म्हणून इतिहास लिहिणाऱ्याची इथे पंचाईत होते. कागद नाही याचा अर्थ ज्ञान नव्हतं असा होत नाही, पण कागद नसेल तर त्या ज्ञानाचा माग काढणं अवघड जातं.

युरोपात व्यायामाला उपचार म्हणून संस्थेची चौकट मिळाली ती १८१३ मध्ये, स्टॉकहोममध्ये. पेर हेन्रिक लिंग यांनी तिथे व्यायामशिक्षणाची संस्था काढली. पुढे लंडनमध्ये १८९४ साली चार नर्सनी मिळून प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था स्थापन केली. त्या काळी लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात म्हणून बोभाटा झाला होता. आपलं काम त्यापासून वेगळं दिसावं म्हणून या चौघींनी कडक नियम केले. त्यातला पहिलाच नियम असा, की डॉक्टरांच्या सूचनेशिवाय कुणालाही मसाज करायचा नाही. आजच्या ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची अधिकृत संस्था याच रोपट्यातून वाढली.

हा नियम नीट लक्षात ठेवा. उपचार करणाऱ्याची अब्रू वाचावी म्हणून तो केला होता. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की पुढची कित्येक दशकं पहिल्या भेटीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. काय झालंय आणि काय करायचं, हे त्या चिठ्ठीतच लिहिलेलं. समोरच्या पेशंटला विचारण्यासारखं फारसं उरतच नव्हतं. ‘डॉक्टरांनी दहा दिवस शेक घ्यायला सांगितलाय’ हे वाक्य आपल्याकडे आजही जसंच्या तसं ऐकू येतं, त्याचं मूळ या व्यवस्थेत आहे.

महाराष्ट्रात याच सुमारास दोन वेगळे प्रवाह दिसतात. पहिला युद्धाचा. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं, ते नंतर पुण्याजवळ खडकीला गेलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. दुसरा प्रवाह व्यायामाचा. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगक्रियांचं प्रयोगशाळेत मोजमाप सुरू केलं. म्हणजे शरीर मोजायचं, त्याची नोंद ठेवायची आणि त्यावरून उपचार ठरवायचा, ही कल्पना इथे रुजायला सुरुवात झालेली होती. ती मोठ्या प्रमाणावर रुग्णालयात आली ती मात्र लहान मुलांमुळे.

पोलिओ आणि पाचपैकी गुण

पोलिओत स्पर्शाची जाणीव शाबूत राहते. मज्जारज्जूतल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम देतात, त्या मरतात. कुठल्या पेशी मेल्या त्यावर कुठला स्नायू लुळा पडणार हे ठरतं, आणि त्याला काही क्रम नसतो. एका मुलाची मांडी जाते, पण पाऊल चालतं. दुसऱ्याचं उलटं. त्यामुळे ‘पाय लुळा पडला’ एवढं लिहून भागत नाही. प्रत्येक स्नायू सुटा सुटा तपासावा लागतो.

ही तपासणी करायची कशी, याची पद्धत अमेरिकेत बोस्टनमध्ये तयार झाली. अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट लोव्हेट यांच्याबरोबर काम करणाऱ्या विल्हेल्मिन राइट यांनी ती १९१२ च्या सुमारास मांडली. युक्ती साधी होती : गुरुत्वाकर्षणालाच वजनकाटा करायचं. मूल पाय जमिनीपासून वर उचलू शकतं का? उचलत असेल तर आपण हाताने खाली दाबल्यावर तग धरतं का? उचलता येत नसेल, तर आडवं झोपवून, पायाचं ओझं काढून घेतल्यावर तरी हलवतं का? ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, नसांच्या जखमांसाठी शून्य ते पाच अशी श्रेणी छापली. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल जमते, पाच म्हणजे पूर्ण ताकद. आज मुलुंडच्या दवाखान्यात तुमच्या कागदावर ‘४/५’ असं काही लिहिलं जातं, तेव्हा त्यामागे बोस्टनची लुळी मुलं आणि नसा तुटलेले सैनिक उभे असतात.

मुंबईत या कामाची सुरुवात एका आईने केली. मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये पोलिओग्रस्त मुलांसाठी उपचार केंद्र सुरू केलं. त्यातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था आणि पुढे हाजी अलीचं मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. १९४९ मध्ये परळच्या हाफकिन संस्थेच्या आवारात पोलिओवर संशोधन करणारा विभाग निघाला. १९५२ च्या साथीनंतर जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबई महापालिका यांच्या संयुक्त प्रकल्पातून परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं विद्यालय उभं राहिलं. देशातलं हे पहिलं. १९५५ मध्ये फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली.

आता एक प्रश्न विचारू. तीन वर्षांच्या मुलाला ‘काय होतंय?’ असं विचारून किती उत्तर मिळणार? फारसं नाहीच. म्हणून या पद्धतीत तपासणारा बोलतो आणि लिहितो, रुग्णाचं शरीर उत्तर देतं. रुग्णाच्या शब्दांना जागा नाही, कारण त्या रुग्णाकडे शब्दच नव्हते. मुलांसाठी हे योग्यच होतं. पण तोच साचा पुढे मोठ्या माणसांच्या कागदातही उतरला, आणि बोलता येणाऱ्या माणसालाही स्नायूंच्या यादीसारखं वाचायची सवय लागली.

परळ ते बोरिवली

इथे नकाशा डोळ्यांसमोर आणा. केईएमचं विद्यालय सुरू होत होतं तेव्हा अंधेरी आणि घाटकोपर मुंबई महापालिकेत येऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. ही उपनगरं १९५० मध्ये शहरात आली. बोरिवली आणि मुलुंड तर १९५७ पर्यंत महापालिकेच्या हद्दीबाहेरच होती. बोरिवलीपर्यंत विजेची लोकल १९२८ पासून धावत होती, पण तज्ज्ञ उपचार सगळे परळ आणि हाजी अलीच्या बाजूला.

लुळ्या पायाच्या मुलाला कडेवर घेऊन लोकल, मग बस, मग रांग. आणि हा उपचार औषधाच्या डोससारखा एकदा देऊन संपत नाही, महिनोन्महिने चालतो. रोजचं येणं शक्य नसेल तर मार्ग एकच : व्यायाम आईला शिकवायचा आणि तिने तो घरी करून घ्यायचा. ‘घरचा व्यायाम’ हा आजच्या कागदावरचा शेवटचा रकाना बघताना मला हे अंतर आठवतं. व्यायाम घरी कोण करून घेणार, कुठल्या खोलीत, किती वाजता, हे त्या रकान्यात लिहिलेलं नसतं. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहत असतील तर जमिनीवर आडवं पडून पाय पसरायचा व्यायाम रात्री अंथरुणं घातल्यावरच होणार. हे पहिल्याच भेटीत सांगितलं, तर उभ्याने किंवा खुर्चीत बसून करायचा व्यायाम निवडता येतो. नाही सांगितलं, तर पेशंट व्यायाम करत नाही आणि कागदावर ‘सहकार्य नाही’ असा शेरा पडतो.

राजावाडी, कूपर, भगवती, अगरवाल ही उपनगरांतली पालिका रुग्णालयं आणि नंतर गल्लोगल्ली निघालेले खासगी दवाखाने यांनी हे अंतर बरंच कमी केलं. रुग्णही बदलले. पोलिओचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला आपला प्रदेश पोलिओमुक्त जाहीर झाला. आज खाटेवर मान धरलेला संगणकवाला असतो, गुडघे दुखणारी आजी असते, फ्रॅक्चरनंतर प्लास्टर काढलेला डिलिव्हरीवाला असतो. रुग्ण बदलला त्या वेगाने कागद बदलला नाही.

निंबकरबाईंचा प्रश्न

केईएममध्येच, फिजिओथेरपीच्या शेजारी, एक दुसरा विभाग होता. कमला निंबकर या मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. मराठी घरात लग्न करून त्या इथल्या झाल्या. त्यांनी केईएममध्ये व्यवसायोपचार, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, उभी केली आणि १९५० मध्ये तिचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं.

या शाखेचा पहिला प्रश्नच वेगळा आहे. स्नायू किती ताकदीचा, हे ती विचारतेच, पण त्याआधी विचारते : तुम्हाला दिवसभरात काय काय करायचं असतं? आंघोळ, स्वयंपाक, शिवणकाम, लिहिणं, कामावर जाणं. त्यातलं काय अडलंय? उपचाराचं ध्येय तिथून ठरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये जे वर्गीकरण मान्य केलं, त्यात शरीराची रचना आणि कार्य, रोजच्या कृती, आणि समाजातला सहभाग असे थर आहेत. म्हणजे केईएमच्या एका विभागात १९५० पासून विचारला जाणारा प्रश्न अर्ध्या शतकाने जागतिक चौकटीत बसला. महाराष्ट्रात २००२ मध्ये या व्यवसायांसाठी राज्य परिषदेचा कायदा झाला, तोही दोन्ही शाखांचा मिळून. कायद्याच्या नावातच ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी शेजारी शेजारी आहेत.

कायद्याचा उल्लेख आलाच आहे तर पहिल्या भेटीसाठी एक उपयोगाची गोष्ट. या परिषदेकडे उपचारकाची नोंदणी असते. दवाखान्यात नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं आहे का, हे बघायला किंवा विचारायला संकोच करू नका. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदाही झाला. चिठ्ठीचा नियमही जगात हळूहळू सैल झाला. ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेने १९७६ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आपल्या आचारसंहितेतून काढून टाकली. चिठ्ठी नसेल तर निदानाची जबाबदारी उपचारकावर येते, आणि मग प्रश्न जास्त विचारावे लागतात. कागद लांबला तो असा.

बाथटब कुणाकडे आहे?

१९८० च्या आसपास कागदात नवी पानं शिरली, ती म्हणजे प्रश्नावल्या. कंबरदुखीसाठी ऑस्वेस्ट्री प्रश्नावली १९८० मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. गुडघा आणि खुब्याच्या संधिवातासाठी ‘वोमॅक’ त्याच दशकात कॅनडात तयार झाली. इथे पहिल्यांदा रुग्णाच्या अनुभवाला आकडा मिळाला, आणि ही मोठी गोष्ट होती. पण कुणाचा अनुभव? वोमॅकमध्ये एक प्रश्न आहे : बाथटबमध्ये शिरताना आणि बाहेर येताना किती त्रास होतो? घाटकोपरच्या चाळीत मोरीत पाटावर बसून आंघोळ करणाऱ्या बाईंनी याला काय उत्तर द्यायचं? बाथटब नाही म्हणजे त्रास नाही, म्हणजे शून्य. शून्य म्हणजे उत्तम! कागदावर त्यांचा गुडघा प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसणार.

कोनाचंही तसंच आहे. कंपासपेटीतल्या कोनमापकाचा थोरला भाऊ घेऊन फिजिओथेरपिस्ट गुडघा मोजतो. समजा १२० अंश भरला. खुर्चीवरून उठायला, जिना चढायला हे पुरेसं आहे, म्हणून शेरा ‘ठीक’. पण उकिडवं बसायचं किंवा भारतीय पद्धतीचं शौचालय वापरायचं तर गुडघा १३० अंशांच्या पुढे वाकावा लागतो. या दहा-वीस अंशांत माणसाचं घरात, देवळात, पंगतीत बसणं अडकलेलं असतं. कागद हे आपण होऊन विचारणार नाही.

ऑस्वेस्ट्रीत लैंगिक जीवनावरही एक भाग आहे. पडद्यापलीकडे दुसरा पेशंट झोपलेला असताना या प्रश्नाचं उत्तर कोण लिहील? २००१ मध्ये अमेरिकेत वापरलेल्या एका सुधारित आवृत्तीत तर हा भाग काढून त्या जागी नोकरी आणि घरकामाचा प्रश्न घातला. संशोधक म्हणून इथे थांबा : प्रश्न काढला की त्रास नाहीसा होत नाही, फक्त आकडेवारीतून जातो.

म्हणूनच अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत आणण्याच्या पद्धतीवर २००० मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध झाल्या. दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचं, ते जुळवायचं, मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या माणसांकडून उलट भाषांतर करून घ्यायचं, तज्ज्ञांच्या समितीने बघायचं आणि शेवटी रुग्णांवर चाचणी घ्यायची. त्यात शब्दार्थ आणि वाक्प्रचार जुळण्याबरोबर अनुभव जुळण्याचीही अट आहे. बाथटबचं भाषांतर ‘न्हाणीघर’ केलं तर शब्द कदाचित चालेल, पण कृतीच बदलली : कठडा ओलांडणं वेगळं, पाटावरून उठणं वेगळं.

ठणका, कळ, चमक

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. लोक दुखणं कुठल्या शब्दांत सांगतात, हीच माहिती मानून त्यांनी काम केलं. मराठीत या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. ठणका लागतो, कळ येते, चमक निघते, उसण भरते, मुंग्या येतात, बधिर होतं, आग होते, टोचतं, सलतं, ओढ बसते, गोळा येतो, मान जखडते, पाय अवघडतो. हे शब्द एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत, आणि ऐकणाऱ्याला त्यातून पुष्कळ कळतं. कंबरेतून पायात उतरणारी चमक आणि पायाच्या मुंग्या ऐकून नसेकडे लक्ष जातं. सकाळी उठल्यावर जखडलेला आणि तासाभराने सुटणारा सांधा वेगळी शंका उभी करतो.

पण दवाखान्यात गेल्यावर आपण काय म्हणतो? ‘पेन आहे.’ किती? ‘सात.’ संपलं. नेमका शब्द जवळ असताना आपण तो बाहेर चपलांपाशी ठेवून आत जातो. फिजिओथेरपिस्ट बहुतेक वेळा मराठी किंवा हिंदी समजणाराच असतो. तेव्हा शब्द घरचाच वापरा.

तर तयारी काय करायची?

या सगळ्या इतिहासातून निघणारी तयारी अर्ध्या पानात मावते. आदल्या रात्री बसून लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी सांगून लिहून घ्या.

एक, दुखण्याची गोष्ट : कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने थांबतं, दिवसात कधी जास्त असतं, आणि तुमचा स्वतःचा शब्द. दोन, अडलेल्या तीन कृती, अगदी ठोस. ‘चालता येत नाही’ असं नको. ‘अंधेरीला मेट्रोकडे जाणाऱ्या पुलाच्या जिन्यावर मध्येच थांबावं लागतं’, ‘चालत्या गर्दीत वरचा दांडा धरला की खांदा कळा मारतो’, ‘जमिनीवर बसून पोळ्या लाटता येत नाहीत’ असं लिहा. तीन, तुम्हाला काय परत हवंय. वारीला जायचंय, नातवाला उचलायचंय, पंधरा दिवसांत कामावर हजर व्हायचंय. फिजिओथेरपिस्टला वेळेचं गणित यावरून मांडता येतं. चार, आधी काय काय करून झालं. मालिश, हाडवैद्याची पट्टी, कुणीतरी दिलेल्या गोळ्या, सगळं सांगा. लाजून लपवलं तर उपचार चुकीच्या पायावर उभा राहतो. पाच, किती वेळा येणं परवडेल आणि जमेल. फीचं आणि प्रवासाचं पहिल्याच दिवशी बोला.

बरोबर न्यायचं ते : जुने एक्स-रे आणि रिपोर्ट, औषधांची यादी, चष्मा किंवा काठी वापरत असाल तर ती, आणि रोज घालता ती चप्पल. कपडे सैल. गुडघा दाखवायचा असेल तर गुडघ्याच्या वर सहज सरकेल असं काही घाला. स्नायू आणि सांधा नजरेने आणि हाताने बघायचा असतो, म्हणून हे लागतं. स्त्री फिजिओथेरपिस्ट हवी असेल, किंवा सोबत घरचं माणूस हवं असेल, तर वेळ घेतानाच सांगा.

आणि काही गोष्टी न विचारताही सांगायच्याच. शरीरात पेसमेकर असेल, ऑपरेशनमध्ये धातूची पट्टी किंवा स्क्रू बसवले असतील, दिवस गेले असतील, तर यंत्र लावण्याआधी सांगा. मधुमेहाने पाय बधिर असेल तर शेक घेण्याआधी सांगा, कारण चटका बसल्याचं तुम्हालाच कळणार नाही आणि कातडी भाजेल. ताप, विनाकारण घटणारं वजन, किंवा कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेजवळ बधिरपणा, असं काही असेल तर फिजिओथेरपीची वेळ येईपर्यंत थांबू नका. आधी आणि तातडीने डॉक्टरकडे जा.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी

आता हाच कागद साधन म्हणून कसा वाचायचा? मी चार प्रश्न विचारते. रकान्यांचा क्रम काय आहे : आधी निदान येतं की आधी रुग्णाचं म्हणणं? कुठल्या उत्तराला किती जागा सोडली आहे : ‘व्यवसाय’ला अर्धी ओळ आणि सांध्यांच्या कोनांना पाऊण पान असेल, तर महत्त्व कशाला दिलं ते उघड आहे. लिहिणारा हात कुणाचा : रुग्णाचा, उपचारकाचा की स्वागतकक्षातल्या मुलीचा? आणि रिकामं काय राहिलं : एकच रकाना दहापैकी नऊ कागदांत कोरा असेल, तर तो प्रश्न त्या जागी विचारण्यासारखा नव्हता, हा निष्कर्ष शोधून बघण्यासारखा आहे.

एक सावधगिरी. भरलेले कागद ही रुग्णांची खासगी माहिती आहे. ओळखीच्या दवाखान्यातून ‘चार फाइली बघू द्या’ असं करायचं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा, आपल्या संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी घ्या, मगच पुढे. तोपर्यंत करण्यासारखं भरपूर आहे : कोरे फॉर्म जमवा, वेगवेगळ्या दशकांचे अभ्यासक्रम लावून बघा, पालिकेच्या अर्थसंकल्पात या विभागांसाठी कुठल्या यंत्रांची खरेदी झाली ते तपासा, जुन्या पिढीतल्या उपचारकांच्या रीतसर संमतीने मुलाखती घ्या. मुलाखतीत एक प्रश्न जरूर ठेवा : ‘तुम्ही शिकत होता तेव्हा पेशंटला सगळ्यात आधी काय विचारायला शिकवलं होतं?’

आणि तुमच्या प्रश्नावलीचा पहिला मसुदा तयार झाला, की गाइडकडे पाठवण्याआधी तो आईला किंवा शेजारच्या काकूंना भरायला द्या. जिथे त्या पेन थांबवून ‘म्हणजे काय?’ विचारतील, तिथे खूण करून ठेवा. दुरुस्ती तिथूनच सुरू करायची आहे.